वाट वाकडी करून : ऑस्ट्रेलियाच्या मरुभूमीतील एका पाणवठ्याचा इतिहास



ज्या शाळेत मी मुळाक्षरे गिरवली, त्याच शाळेने स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण करावे, हा मी माझा बहुमान समजतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले जाते, ते आम्हांला इतिहास आणि भूगोल असे दोन्ही विषय शिकवीत. नकाशा फळ्यावर टांगला की ते प्रथम विचारीत, "हा नकाशा कुणी काढला आणि त्याला हे कुणी सांगितले?" त्या वयात हा प्रश्न आम्हांला वेळकाढूपणाचा वाटे. आज सत्तरी ओलांडल्यावर त्याच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी आपल्यासमोर उभा आहे.

मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने ऑस्ट्रेलियातील वाळवंटाविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. प्रवासवर्णन हा माझ्या प्रबंधाचा विषय होता आणि त्या निमित्ताने इंग्रजीतील जुनी प्रवासवृत्ते वाचण्याचा छंद मला जडला. परंतु आजच्या विषयाला खरे निमित्त घडले ते एका घरगुती बेताचे. माझा पुतण्या पश्चिम ऑस्ट्रेलियातील कालगुर्ली येथे खाणीवर नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याने लिहिले, "काका, तुम्ही ज्या वाळवंटाच्या गोष्टी आम्हांला लहानपणी सांगायचात, ते इथून दोन दिवसांच्या वाटेवर आहे. तब्येत साथ देत असेल तर या. आपण जाऊ." मी तत्काळ उत्तर धाडले, की येईन, परंतु वाटेत एका ठिकाणी वाट वाकडी करावी लागेल. ते ठिकाण म्हणजे 'एम्प्रेस स्प्रिंग'.

बेत आखायला आम्ही पत्राने आणि दूरध्वनीने सुरुवात केली. कालगुर्लीहून उत्तरेस लॅव्हर्टन हे गाव आहे. तेथून 'ग्रेट सेंट्रल रोड' नावाचा रस्ता ईशान्येकडे निघतो. लॅव्हर्टनपासून सुमारे ३०० किलोमीटरवर जुकायिर्ला येथे इंधन व निवारा मिळतो आणि पुढे सुमारे २५० किलोमीटरवर वॉर्बर्टन ही आदिवासींची वस्ती लागते. या दोहोंच्या मधे गाव नाही. याच टापूत मुख्य रस्ता सोडून एक कच्ची वाट उत्तरेकडे गनबॅरल मार्गाच्या दिशेने जाते. तिला डेव्हिड कार्नेगी याचेच नाव आहे. त्या वाटेपासून जरा आत एम्प्रेस स्प्रिंग आहे.

पुतण्याने हिशेब मांडला. ऋतू हिवाळ्याचा, म्हणजे मे ते सप्टेंबर यांच्या दरम्यानचा. उन्हाळ्यात तिकडे जाणे हा आत्मघात होय. गाड्या दोन, म्हणजे एक अडकली तर दुसरीने ओढावी. जादा चाके, उपग्रहाद्वारे चालणारा दूरध्वनी आणि निघण्याचा व परतण्याचा दिवस घरी लिहून ठेवणे. माणसे तिघे; माणशी रोज दहा लिटर पाणी, चार दिवसांचे १२० लिटर आणि तितकेच राखीव. मी सहज म्हटले, की आपण पाणवठ्यावरच तर चाललो आहोत, मग राखीव पाणी कशाला? त्यावर तो म्हणाला, "काका, जुन्या पुस्तकातलं पाणी हिशेबात धरायचं नाही." हे वाक्य त्याने व्यवहारी शहाणपण म्हणून उच्चारले, मला मात्र ते इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी धरावे असे वाटले. त्याचे कारण सांगण्यासाठी एका दुसऱ्या पाणवठ्याची हकीकत सांगितली पाहिजे.

१८७५ साली अर्नेस्ट जाइल्स हा संशोधक दक्षिण ऑस्ट्रेलियातून पश्चिमेकडे निघाला. बरोबर उंट होते, सालेह नावाचा अफगाण उंटवाला होता आणि टॉमी ओल्डहॅम नावाचा आदिवासी तरुण होता. सतरा दिवस आणि ३२५ मैल या मंडळींना पाण्याचा थेंब आढळला नाही. उंट होते म्हणूनच ती तगली. घोडे असते तर सारा काफिला वाळूत राहिला असता. अखेर सप्टेंबर महिन्यात, कालगुर्लीच्या ईशान्येस आज जे अभयारण्य आहे त्या प्रदेशात, वाळूच्या टेकड्यांमधील एका खोलगट जागी टॉमीला पाणी दिसले. जाइल्सने त्याला 'क्वीन व्हिक्टोरियाज स्प्रिंग' असे नाव दिले, आणि हा झरा कायमचा आहे अशी त्याची समजूत झाली. पुढे १८९१ मध्ये डेव्हिड लिंडसे याच्या नेतृत्वाखालील एल्डर मोहीम त्याच्या भरवशावर तेथे पोहोचली, तेव्हा तो जवळजवळ कोरडा होता. १८९४ मध्ये कार्नेगी तेथे गेला, त्यालाही पाणी मिळाले नाही. जाइल्स खोटे बोलला नव्हता. त्याने एका दिवसाचे पाणी पाहिले होते आणि नकाशाने ते सर्वकाळचे करून टाकले.

या मरुभूमीत बारमाही नदी नाही. पाणी असते ते तीन-चार प्रकारांनी. खडकातल्या खळग्यात पावसाचे पाणी साठते. ते उन्हाने आटू नये व जनावरांनी नासू नये म्हणून तेथील लोक त्यावर दगड वा फांद्या झाकून ठेवीत. कोठे वाळूखाली चिकणमातीचा थर असतो, तेथे हाताने उकरले की पाणी झिरपते; आपल्या नदीपात्रातला झराच म्हणा ना. काही थोड्या जागी मात्र पाणी सहसा आटत नाही. उत्तरेकडील वालमाजारी आदी लोकांच्या बोलीत अशा जिवंत पाण्याला 'जिला' आणि पावसावर अवलंबून असलेल्या पाण्याला 'जुमू' म्हणतात. जिलामध्ये नागरूप पूर्वजाचा वास असतो अशी त्यांची श्रद्धा आहे. कोणते पाणी कोणत्या पावसानंतर किती दिवस टिकते, तेथून पुढच्या पाण्यावर किती चालीत पोहोचता येते, हे ज्ञान त्या लोकांनी गाण्यांतून व कथांतून पिढ्यान्पिढ्या जपले. टिपणवही घेऊन येणाऱ्या गोऱ्या माणसाजवळ ते नव्हते.

आता एम्प्रेस स्प्रिंगकडे वळू. डेव्हिड विनफर्ड कार्नेगी हा स्कॉटलंडमधील साउथेस्कच्या अर्लचा धाकटा मुलगा. सिलोनमधील चहामळ्यात तो काही काळ राहिला, तेथे कंटाळला आणि १८९२ मध्ये सोन्याच्या शोधात कूलगार्डी येथे आला. खाणीत मिळालेल्या पैशातून त्याने स्वखर्चाने मोहीम काढली. दक्षिणेतील कूलगार्डीपासून उत्तरेतील हॉल्स क्रीकपर्यंत अज्ञात प्रदेश ओलांडायचा, सोने आहे का पाहायचे आणि गुरांचे कळप दक्षिणेकडे आणण्यास वाट आहे का हे तपासायचे, असा त्याचा उद्देश होता. जुलै १८९६ मध्ये तो निघाला तेव्हा त्याचे वय पंचवीस होते. चार सोबती आणि नऊ उंट घेऊन तो डिसेंबर महिन्यात हॉल्स क्रीकला पोहोचला. शेवटच्या टप्प्यात चार्ल्स स्टॅन्समोर हा त्याचा सोबती बंदुकीच्या अपघातात मरण पावला. सोने मिळाले नाही, आणि गुरांना योग्य वाट नाही असा निर्वाळा कार्नेगीने प्रामाणिकपणे दिला. १८९८ मध्ये त्याने 'स्पिनिफेक्स अँड सँड' हा ग्रंथ लिहिला. १९०० मध्ये नायजेरियात विषारी बाण लागून त्याचा अंत झाला, तेव्हा तो तिशीचाही नव्हता.

हा ग्रंथ मी विशीत वाचला आणि त्याने मला वेड लावले. गाठीचे पाणी संपत चाललेले, वाळूच्या लाटांमागून लाटा, आणि अखेरीस जमिनीतले एक तोंड. त्यातून खाली उतरले की गुहा, आणि गुहेत आत खोलवर पाणी! ते बादल्यांनी वर काढून उंटांना पाजले. त्या पाण्याला कार्नेगीने राणी व्हिक्टोरियाच्या गौरवार्थ 'एम्प्रेस' हे नाव दिले. येथे आपणां मंडळींच्या ओळखीचा एक धागा आहे. जाइल्सने १८७५ मध्ये आपल्या झऱ्याला 'राणी'चे नाव दिले होते. कार्नेगी १८९६ मध्ये 'सम्राज्ञी' म्हणतो. मधल्या काळात, १८७६ मध्ये, व्हिक्टोरियाने हिंदुस्थानची सम्राज्ञी, म्हणजे कैसर-इ-हिंद, हे बिरुद धारण केले आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात त्याची द्वाही फिरवली गेली. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची कापडगिरणी सुरू झाली आणि तिचे नाव पडले एम्प्रेस मिल. इंदूरच्या गिरणगावात वाढलेल्या आपणांपैकी अनेकांच्या आप्तांनी त्या गिरणीत हयात घालविली असेल. गिरणी आता बंद पडली. हिंदुस्थानवरून घेतलेले ते बिरुद मात्र दूरच्या मरुभूमीत, जमिनीखालच्या एका गुहेला अजून चिकटून आहे.

परंतु नाव देण्याचा हा समारंभ झाला त्याआधी काय घडले? सज्जनहो, माझ्या आजच्या व्याख्यानाचा गाभा येथे आहे.

कार्नेगीला ते पाणी 'सापडले' नाही. पाणी शोधण्याची त्याची रीत त्याने स्वतःच आपल्या ग्रंथात लिहून ठेवली आहे. कोठे धूर दिसला वा ताजी पावले दिसली की त्या दिशेने जायचे, उंटावरून पाठलाग करून एखाद्या आदिवासी पुरुषाला किंवा स्त्रीला पकडायचे, दोराने बांधायचे, रात्री झाडाला जखडून ठेवायचे आणि तहानेने व्याकूळ झाल्यावर ती व्यक्ती आपसूक पाण्याकडे नेईल याची वाट पाहायची. एम्प्रेस स्प्रिंगच्या आधी पकडलेल्या माणसाला खारवलेले गोमांस खाऊ घातले गेले, हेतू हा की तहान अधिक लागावी. तोच माणूस त्यांना त्या गुहेपाशी घेऊन गेला. कार्नेगीने हे लपविले नाही. ही वागणूक क्रूर ठरविली जाईल याची त्याला जाणीव होती, आणि स्वतःचे व सोबत्यांचे प्राण वाचविण्यास दुसरा उपाय नव्हता असे समर्थन त्याने केले. सम्राज्ञीचे नाव त्या पाण्याला मिळाले. पाणी दाखविणाऱ्याचे नाव ग्रंथात आले नाही.

तो माणूस पाणी दाखवायला का तयार नव्हता, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. थोडे गणित पुरते. तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरच्या आसपास पाणी पितो. नऊ उंटांना सुमारे ९०० लिटर लागले. ज्या खळग्यावर एखादे कुटुंब आठवडे काढील, तो नऊ उंट एका सायंकाळी रिकामा करतात. म्हणजे परक्याला पाणी दाखविणे याचा अर्थ आपल्या मुलाबाळांच्या तोंडचे पाणी काढून देणे असा होता. पाण्यावाचून तडफडणाऱ्याला पाणी न देणारा आदिवासी, असे जे चित्र जुन्या प्रवासवृत्तांत येते, त्याच्या मागे हा हिशेब आहे.

त्या खारवलेल्या गोमांसाचा आणखी एक प्रसंग मला आठवतो, आणि तोही हिंदुस्थानशी जोडलेला आहे. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी जॉर्ज लँडेल्स याने कराचीहून चोवीस उंट व काही उंटवाले मेलबर्नला नेले. त्या उंटवाल्यांत सामला नावाचा एक हिंदू होता. शिध्यातले मांस त्याला धर्माने वर्ज्य. त्यामुळे थोड्याच दिवसांत मोहीम सोडण्याची परवानगी त्याने मागितली आणि त्याला ती मिळाली. सामलाला 'हे मला नको' असे म्हणता आले आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले. छत्तीस वर्षांनंतर गिब्सनच्या वाळवंटात दोराने बांधलेल्या माणसाला तेवढीही मुभा नव्हती.

कार्नेगीची रीत त्याच्यापाशी संपली नाही. १९०६ मध्ये आल्फ्रेड कॅनिंग या सरकारी मोजणीदाराने विलुना ते हॉल्स क्रीक अशी सुमारे १,८५० किलोमीटरची गुरांची वाट आखली. पाणी दाखविण्यासाठी आदिवासींना मानेत साखळ्या घालून नेण्यात आले. मोहिमेचा स्वयंपाकी एडवर्ड ब्लेक याला हे सहन झाले नाही. त्याने तक्रार केली आणि १९०८ मध्ये शाही आयोग बसला. कॅनिंगने साखळ्या वापरल्याचे मान्य केले, तरी आयोगाने त्याला दोषमुक्त केले. १९०८ ते १९१० या काळात त्याने त्या वाटेवर विहिरी बांधून काढल्या. त्यांपैकी कितीतरी जुन्या पाणवठ्यांवरच होत्या. ब्लेकला न्याय मिळाला नाही. परंतु त्याच्या तक्रारीमुळे साक्षी नोंदल्या गेल्या आणि म्हणून आज आपण हे जाणतो. मोठ्या माणसांच्या मोहिमेत एका आचाऱ्याने तोंड उघडले, ही गोष्ट मला कॅनिंगच्या विहिरींइतकीच महत्त्वाची वाटते.

याच मरुभूमीत पाणी विचारण्याची दुसरी रीतही घडली आहे. १९७७ मध्ये भीषण दुष्काळ पडला होता. विलुना येथील वृद्ध मंडळींना चिंता लागली ती वारी आणि यातुंगका या जोडप्याची. जमातीच्या विवाहनियमांविरुद्ध त्यांनी लग्न केले होते आणि बाकीचे लोक वस्त्यांकडे निघून गेल्यावरही ती दोघे वाळवंटातच राहिली होती. मुजोन नावाचा वृद्ध, वारीचा बालमित्र, डॉक्टर पीस्ले आदी गोऱ्या मंडळींसह त्यांच्या शोधाला निघाला. तो एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर त्यांना घेऊन गेला. प्रत्येक कोरडा खळगा पाहिला की शोध पुढच्या पाण्याकडे सरके. अखेर न्गारिनारी येथे ते जोडपे सापडले, कृश आणि थकलेले. त्यांना विलुनाला आणले गेले आणि १९७९ मध्ये थोड्याच अंतराने दोघांचे निधन झाले. तेच वाळवंट, तसेच वाटाड्याच्या मागे चालणारे गोरे. पण या वाटाड्याच्या मानेत साखळी नव्हती. तो स्वतःच्या मित्रासाठी, स्वतःच्या इच्छेने वाट दाखवीत होता.

१९९२ च्या माबो खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती भूमी पूर्वी कुणाचीच नव्हती ही कल्पना फेटाळून लावली. पुढे २००२ मध्ये मार्तू लोकांचा आणि २००५ मध्ये न्गान्यात्जारा लोकांचा मरुभूमीच्या विशाल भागांवरील मूळ हक्क मान्य झाला. आज आदिवासी भूमीतून जाणाऱ्या रस्त्यांसाठी प्रवाशाला आगाऊ परवाना घ्यावा लागतो आणि रस्ता सोडून आत जायचे तर त्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागते. वाट वाकडी करायची तर आता विचारावे लागते.

आता मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती याच सभागृहात देणे उचित होय. सुमारे वीस वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने मी येथे मुलांसमोर 'वाळवंटातील वीर' या विषयावर बोललो होतो. कार्नेगीची कथा मी रंगवून सांगितली. गुहा सांगितली, बादल्या सांगितल्या, नामकरण सांगितले. दोर आणि खारवलेले मांस मात्र मी गाळले. मला ते ठाऊक नव्हते असे नाही. त्याने गोष्टीचा रंग उतरला असता. व्याख्यान संपल्यावर आठवीतील एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, पण त्यांना ते पाणी सापडलं कसं?" मी उत्तर दिले, "चिकाटीने आणि धैर्याने." टाळ्या पडल्या. ती मुलगी मात्र थोडा वेळ उभीच राहिली आणि मग खाली बसली. गुरुजी त्या दिवशी पहिल्या रांगेत होते. ते मला काही बोलले नाहीत.

पुतण्याबरोबर बेत आखताना हा प्रसंग पुन्हा वर आला. परवान्याचा अर्ज मीच लिहावा असे त्याने सुचविले; "तुमचं इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, ते त्यांना आवडेल," असे गमतीने म्हणाला. अर्जात भेटीचे कारण लिहायचे होते. 'डेव्हिड कार्नेगी याने शोधलेला ऐतिहासिक झरा पाहण्यासाठी' असे मी लिहिले आणि लेखणी थांबली. ज्यांच्या पूर्वजाला बांधून ते पाणी काढून घेतले, त्यांच्याकडेच मी त्या 'शोधा'चे दर्शन मागत होतो. तीस वर्षे वर्गात शब्दांच्या अचूकपणाविषयी बोलणाऱ्या माणसाने असे वाक्य लिहावे! ते खोडून मी लिहिले, की १८९६ मध्ये तुमच्यापैकी एका माणसाला जबरीने ज्या पाण्यापर्यंत न्यावयास लावले, ते पाहण्याची इच्छा आहे. आपली अनुमती असेल तरच येऊ. पुतण्याने वाचून विचारले, "आणि नाही म्हणाले तर?" मी म्हटले, "तर मुख्य रस्त्याने जाऊ. पाणी आपल्याजवळ आहेच."

हे व्याख्यान लिहिण्यापर्यंत उत्तर आलेले नाही. आले आणि होकार असला, तर येत्या हिवाळ्यात आम्ही ती वाट वाकडी करू. त्या गुहेत पाणी असेल वा नसेल, आम्ही ते पिणार नाही. तेथे उभे राहू आणि परत फिरू.

कार्नेगीचे धैर्य मी आजही नाकारीत नाही. असल्या प्रदेशात पाच महिने काढणे हे लेच्यापेच्याचे काम नव्हे, आणि आपले दुष्कृत्य त्याने स्वतः लिहून ठेवले, हा प्रामाणिकपणा माझ्या त्या व्याख्यानात नव्हता. परंतु इतिहासाच्या पुस्तकात 'अमुक साली अमुक याने शोध लावला' असे वाक्य आले, की माझ्या तरुण मित्रांनी तेथे थांबावे आणि गुरुजींचा प्रश्न विचारावा. पानिपतापासून इंदूरपर्यंत आपल्या स्वतःच्या इतिहासातही वाटाडे, भिस्ती, उंटवाले, आचारी यांची नावे किती थोडी आली आहेत, हे पाहावे.

त्या दिवशी ज्या मुलीने प्रश्न विचारला, ती आज पस्तिशीच्या आसपास असेल. ती माजी विद्यार्थिनी म्हणून या सभागृहात असेल, किंवा ही पुस्तिका कधी तिच्या हाती पडेल, तर माझे वीस वर्षे उशिरा दिलेले उत्तर तिने स्वीकारावे. बाई, त्यांना ते पाणी सापडले नव्हते. ते एका माणसाला ठाऊक होते आणि त्याला बांधून त्यांनी ते घेतले.

गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून माझे भाषण पुरे करतो.